गळ, मासा आणि दुसऱ्याचें पाणी

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे प्रवासाचे बेत विचारणारीं पत्रें या सदराकडे येऊं लागतात. त्यांत काशी-प्रयाग, दक्षिणेकडील देवालयें, हंपी-बदामी यांचाच भरणा असावयाचा, असा आमचा जुना अनुभव. अलीकडे मात्र एक निराळाच विषय त्यांत डोकावूं लागला आहे. कॉलेजांत शिकणारे किंवा नुकतेच नोकरीस लागलेले तरुण चार-पांचजणांचा मेळ जमवितात आणि मालवण, गोवा किंवा थेट अंदमान गांठून, होडी ठरवून, समुद्रांत गळानें मासे धरितात. हे मासे विकावयाचे नसतात; पुष्कळदां खावयाचेहि नसतात. धरावयाचे, तोलावयाचे, हातांत घेऊन छायाचित्र काढावयाचें आणि पुन्हां पाण्यांत सोडावयाचे, एवढाच हेतु.

गोंदियाहून एका भगिनीनें याच संबंधांत विस्तारानें लिहिलें आहे. त्यांचे चिरंजीव पुण्यास एंजिनियरिंग शिकतात. दिवाळीनंतर मित्रांबरोबर अंदमानास जाण्याचा त्यांचा बेत ठरला आहे. तत्पूर्वीं हात बसावा म्हणून ते गणपतीच्या सुटींत घरीं आले तेव्हां नवी कांठी, तिचें चाक आणि प्लॅस्टिकचे बेडूक घेऊनच आले, व रोज पहांटे शेताजवळच्या बोडीवर गळ टाकून बसले. चार मरळी लागल्या. चारहि त्यांनीं सोडून दिल्या. वडिलांना यांत वावगें कांहींच दिसत नाहीं. मोबाइल घेऊन अंथरुणांत लोळण्यापेक्षां हें बरें, असें त्यांचें म्हणणें. घरांतल्या आजींचा मात्र रोखठोक सवाल आहे : "खायचा नाहीं तर धरायचा कशाला?" बाईंनीं आमचा कौल मागितला आहे.

आजींचा प्रश्न साधा दिसला तरी टाळतां येण्यासारखा नाहीं. आम्हांस तर तो अपुरा वाटतो. मासा कां धरावयाचा, याच्या जोडीला तो कोणाच्या पाण्यांतला आणि कोणत्या महिन्यांतला, हेंहि विचारावें लागतें. आणि गोंदियासारख्या जिल्ह्यांत तर तेंच आधीं विचारावें लागतें.

ज्या घरीं मासा शिजतच नाहीं तेथें ही समुद्रावरची हौस म्हणजे नेमकें काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. (आमच्या सारस्वत वाचकांनीं हा मजकूर सोडून पुढें जाण्यास हरकत नाहीं.) कोंकणांत खडकावर बसून गरी टाकणें, ज्याला तिकडे गरवणें म्हणतात, तें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. दोरी, गरी, आमिषाला कोळंबीचा तुकडा आणि संध्याकाळच्या कालवणाची सोय, एवढाच त्याचा पसारा. नवी हौस याहून वेगळी. तींत आमिष खोटें असतें, कांठी कार्बनच्या तंतूंची असते, आणि मासा जितका झुंजार तितकी त्याची किंमत अधिक. अंदमानच्या प्रवाळांच्या कडेस जायंट ट्रेव्हली नांवाचा एक बलदंड मासा असतो. कोंकणच्या बाजारांत कोकर म्हणून जे मासे येतात त्यांच्याच कुळांतला, पण पुरता वाढला म्हणजे पन्नास किलोंच्याहि वर जाणारा. पाण्याच्या पृष्ठावरून लांकडी आमिष खळखळाट करीत ओढीत आणिलें कीं हा खालून उसळून त्यावर तुटून पडतो, आणि मग माणसाचे दंड व माशाचें शेपूट यांचा झगडा चालतो. शेवटीं मासा सोडून देतात. यांत दयेइतकाच व्यवहार आहे. तोच मासा आणखी वाढून पुढील वर्षीं दुसऱ्या पाहुण्यास लागावा, हें होडीवाल्याच्या हिताचें असतें.

आमच्या किनाऱ्याचा या बाबतींतला मानकरी म्हणजे खाड्यांतला जिताडा. त्याची गोष्ट पुढें उपयोगीं पडणार आहे म्हणून येथेंच सांगतों. जिताडा जन्मतः बहुधा नर असतो आणि कांहीं वर्षांनीं, अंगानें वाढल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे छायाचित्रांत दोन्ही हातांनीं उचलून धरलेला तो टोलेजंग जिताडा जवळजवळ नेहमीं अंडीं घालणारी मादीच असतो. शिकारीचा मान सर्वांत मोठ्या माशास मिळतो, आणि जातीचा वंश चालविणाराहि तोच. हौसेचा आणि निसर्गाचा डोळा एकाच माशावर असतो, ही या खेळांतली खरी अडचण.

समुद्रावरहि मोकळीक सरसकट नाहीं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर, अंदमानासह, १५ एप्रिल ते १४ जून असे एकसष्ट दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. प्रजननाचा काळ सुखरूप जावा, हा त्यांतला मुख्य हेतु. दिवाळीनंतरचा बेत या दृष्टीनें निर्वेध आहे, एवढें बाईंना प्रथमच सांगून ठेवितों.

ही सगळी साहेबांची नक्कल, असें कोणी म्हणेल. पण तें खरें नाहीं. गळ टाकून बसण्याच्या कलेवरील इंग्रजांचा जगप्रसिद्ध ग्रंथ आयझॅक वॉल्टन याचा, तो १६५३ सालचा. हिंदुस्थानांतील नद्यांवर गळ कसा टाकावा याविषयीं हेन्री सलिवन टॉमस या सनदी अधिकाऱ्यानें लिहिलेलें पुस्तक १८७३ सालीं निघालें. परंतु कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इसवी सन ११३० च्या सुमाराचा आहे, आणि त्यांत राजाच्या करमणुकींमध्यें 'मत्स्यविनोद' हें स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्रांतले आणि नद्यांतले मासे कोणते, कोणास कसलें खाद्य आवडतें, दोरी कशाची वळावी, गळ कसा असावा, ओढ लागली असतां काय करावें, हें सर्व तेथें आलें आहे. १९५१ सालीं प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं त्या प्रकरणाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. वॉल्टनच्या पांचशें वर्षें आधीं दक्षिणेंतला एक राजा कांठी घेऊन पाण्याकांठीं बसला होता, हें आमच्या तरुणांस ठाऊक असावें.

परंतु आजींच्या बाजूनेंहि आपल्याकडे भक्कम पुरावा आहे, आणि तो अधिक जुना आहे. शतपथब्राह्मणांत मनूच्या ओंजळींत चिमुकला मासा येतो तो "मला सांभाळ" असें म्हणत येतो. लहानाला मोठे मासे खातात, हें त्याचें गाऱ्हाणें. मनु त्याला आधीं कुंभांत, मग खड्ड्यांत आणि वाढल्यावर समुद्रांत नेऊन सोडतो. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत कांहीं ठराविक तिथींना मासे मारूं नयेत व विकूंहि नयेत, अशी आज्ञा आहे. ज्या पाण्यांत कोळ्यांचा हक्क असे तेथेंसुद्धां त्या दिवशीं कोणत्याहि प्राण्याची हत्या वर्ज्य केली होती. अशोकानें मासेमारी बंद केली नाहीं, तिला दिवस लावून दिले. हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

आतां गोंदियाकडे वळूं. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि तळ्यांचा. येथें समुद्र शेंकडों कोस दूर. पण पाण्याचें वैभव असें कीं कोंकण्याला हेवा वाटावा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून मालगुजारी तळीं सहा-सात हजारांच्या घरांत आहेत. तीं निसर्गानें दिलेलीं नव्हत. जमिनीचा उतार पाहून, माथ्यावरून येणाऱ्या ओढ्याला मातीची पाळ घालून, एका तळ्याचें जास्तीचें पाणी सांडव्यावाटे खालच्या बोडींत उतरेल अशा बेतानें, तीं कोहळी लोकांनीं गोंड राजांच्या अमदानीपासून बांधलीं. या मंडळींपाशीं दुर्बिणीचें यंत्र नव्हतें, नकाशा नव्हता. पावसाळ्यांत वाहत्या पाण्याच्या मागोमाग चालत जाऊन त्यांनीं उतार वाचला.

त्यांतलें सर्वांत नामांकित तळें अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील नवेगांवबांधचें. कोलू पाटील कोहळी यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं तें बांधविलें, अशी परंपरा सांगते. भोंवतालच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. बांध पुरा होण्यास त्या देवींनीं हातभार लाविला, अशी लोकांची श्रद्धा. आणि कोलू पाटील स्वतःच आतां कोलासुर या नांवानें देव होऊन एका टेकडीवर बसला आहे. तळें बांधणाऱ्याचा देव व्हावा, हें आम्हांस फार आवडतें. मोठाले पूल बांधणाऱ्या किती एंजिनियरांच्या वांट्यास हा मान आला असेल? मारुती चितमपल्ली यांनीं या तळ्याचें आणि रानाचें जें वर्णन करून ठेविलें आहे तें वाचकांपैकीं अनेकांच्या परिचयाचें असेलच.

कोहळ्यांनीं पाणी अडविलें, तें धानाला लागलें. आणि पाण्यांतलें पीक ढिवरांचें झालें. मासा, शिंगाडा, कमळाचा कंद, यांवर या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्या निर्वाह. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली. हा भाग तेव्हां मध्यप्रदेशांत होता. तळीं सरकारच्या ताब्यांत आलीं, आणि पाळींची निगा राखणारा मालक नाहींसा झाल्यानें पुष्कळ तळीं गाळानें भरलीं. मासेमारी मात्र ठेक्यानें ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे आली. तिकडे तिला सरळ 'सोसायटी' म्हणतात. पावसाळ्यांत बाहेरून माशांचें बीं आणून तळ्यांत सोडावयाचें, उन्हाळ्यापर्यंत राखावयाचें आणि मग जाळीं लावावयाचीं, हा तिचा धंदा. कटला, रोहू, मृगळ हे मासे सांचलेल्या तळ्यांत अंडीं घालीत नाहींत; त्यांना पुराचें वाहतें पाणी लागतें. १९५७ सालीं हिरालाल चौधरी यांनीं इंजेक्शन देऊन त्यांना अंडीं घालावयास लावण्याची युक्ति सिद्ध केली, तेव्हांपासून हें बीं विकत मिळूं लागलें. म्हणजे असें पाहा : बोडीवर बसलेल्या तरुणाच्या गळाला रोहू लागला, तर तो कोणीतरी पैसे देऊन विकत आणलेला आणि वर्षभर राखलेला असतो. शेजाऱ्याच्या परसांतली पपई कोणी नुसती गंमत म्हणून तोडून पाहत नाहीं. आणि पाहिलीच तर ती परत देंठाला चिकटवून "मी खाल्ली थोडीच" असें म्हणत नाहीं.

कोणी म्हणेल, मरळ तर कोणी आणून सोडीत नाहीं, ती आपोआप होते. खरें आहे. मरळ, शिंगी, मागूर, शिवडा, वाम हे मासे या तळ्यांचे मूळचे रहिवासी. पण ते आपोआप होतात म्हणजे त्यांना कांहींच लागत नाहीं असें नव्हे. बीं सोडण्याच्या लाटेंत या गांवठी जातींकडे दुर्लक्ष झालें; त्यांत पाण्यांतल्या वनस्पती गेल्या आणि काठांवर बेशरम माजली. भंडाऱ्याचे मनीष राजणकर आणि त्यांचे सहकारी यांनीं अर्जुनी मोरगांव भागांतील ढिवर कुटुंबांना, विशेषतः बायकांना, बरोबर घेऊन बेशरम उपटणें, तळाची जमीन नांगरून घेणें, तेथल्याच वनस्पती पुन्हां लावणें, असें काम चालविलें. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्यानें राहतो, कोठें अंडीं घालतो, हें ढिवरांना ठाऊक होतें. तेंच ज्ञान तेथें कामास आलें. एवढे श्रम करून जी मरळ परत आली ती 'आपोआप' झाली असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

या मरळीविषयीं आतां सविस्तर लिहिलें पाहिजे, कारण पत्रांतील चिरंजीवांच्या चार मरळी आमच्या मनांतून जात नाहींत. मरळ ही इतर माशांसारखी नुसत्या कल्ल्यांवर जगत नाहीं. डोक्यांत कल्ल्यांच्या वरच्या बाजूस तिला एक पोकळी असते, आणि पृष्ठावर येऊन ती हवा घेते. वर येऊं दिलें नाहीं तर पाण्यांत असूनहि गुदमरून मरते. यामुळेंच उन्हाळ्यांत तळें आटून नुसता चिखल उरला तरी ती तग धरिते. पावसाळा लागला कीं नर-मादी काठच्या गवतांत थोडी जागा साफ करितात. तेथें अंडीं पृष्ठावर तरंगतात, आणि दोन-एक दिवसांत फुटतात. पुढचा प्रकार माशांत विरळा आहे. आईबाप, निदान दोघांपैकीं एक, त्या पिलांची राखण करितो. हजारों पिलें, रंगानें तांबूस, एकत्र गोळा होऊन हिंडतात; त्यांच्या खालून राखणदार फिरत असतो, आणि बेडूक येवो, साप येवो, दुसरा मासा येवो, त्याच्यावर धांवून जातो. हें कांहीं आठवडे चालतें.

अशा वेळीं त्या गोळ्यावरून प्लॅस्टिकचा बेडूक ओढीत नेला तर काय होईल? मरळ त्यावर तुटून पडेल. भूक लागली म्हणून नव्हे. पोरांवर कोणी आलें म्हणून. गळाच्या शौकिनांना हें चांगलें ठाऊक असतें, आणि त्यांतले कांहीं मुद्दाम तो तांबूस गोळा शोधीत काठानें फिरतात, कारण तेथें मासा हमखास लागतो. मासा ओढून काठावर आणावयाचा, गळ काढावयाचा, छायाचित्र घ्यावयाचें, सोडावयाचा : चार-पांच मिनिटें तरी सहज जातात. तेवढ्यांत राखण उठलेल्या त्या गोळ्यावर आसपासचे मासे तुटून पडतात. सोडलेली मरळ जिवंत राहते, सोडणाऱ्याचें मन प्रसन्न असतें, आणि पिलें गेलेलीं असतात. गणपतीचे दिवस म्हणजे पिलांवरच्या मरळींचा हंगाम. चिरंजीवांच्या चारांपैकीं एखादी तरी तशी असण्याचा संभव मोठा आहे. त्यांना हें कोणीं सांगितलें नव्हतें, म्हणून त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. पण यापुढें त्यांना तें ठाऊक असेल.

ढिवरहि पावसाळ्यांत मासे धरितात, चढणीच्या माशांना सांडव्यावर सांपळे लावितात, असा आक्षेप येईल. लावितात खरे. त्यांच्या चुलीचा तो प्रश्न आहे, आणि त्यांत काय राखावें, किती राखावें, हें त्यांच्या सोसायटीनें ठरवावें. कित्येक ठिकाणीं त्या तें ठरवूंहि लागल्या आहेत. सुटींतल्या माणसाला चुलीचें कारण सांगतां येत नाहीं. म्हणून त्याला नियम अधिक कडक हवा, सैल नव्हे.

सोडून देण्याच्या धर्माविषयींहि थोडें बोललें पाहिजे. ही पद्धत थंड देशांतून आली. पंधरा अंश उष्णतेच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें दहा मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. तीस अंशांवर तो साडेसातांच्या आसपास येतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भांतलें उथळ तळें किती तापतें हें विदर्भांतल्या वाचकांस सांगावयास नको. अशा पाण्यांत दहा मिनिटें झुंजून दमलेला रोहू सोडला तर तो शेपूट हलवून निघून जातो खरा, पण कांहीं तासांनीं मरतो, आणि तोंवर सोडणारा घरीं पोंचून जेवावयास बसलेला असतो. खोल समुद्रांतून झरझर वर ओढलेल्या माशाची गत आणखी वाईट; दाब कमी झाल्यानें त्याच्या पोटांतली हवेची पिशवी फुगते आणि तो खालीं बुडी मारूं शकत नाहीं. यास्तव सोडावयाचाच असेल तर कांटा नसलेला गळ वापरावा, मासा लवकर आणावा, त्याला पाण्याबाहेर शक्यतों काढूंच नये, काढलाच तर ओल्या हातांनीं धरावा. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो, आणि तोच थर त्याला रोगांपासून राखीत असतो. तापलेल्या धुळीच्या पाळीवर मासा आपटून, मग त्याच्याकडे प्रेमानें पाहत छायाचित्र काढणाऱ्यांविषयीं आम्ही कांहीं लिहीत नाहीं.

आणखी एक गोष्ट आहे, लहान दिसते पण लहान नाहीं : तुटलेली दोरी. नायलॉनची दोरी कुजत नाहीं. गवतांत, कमळाच्या देठांत ती अडकून राहते आणि पाणपक्ष्यांच्या पायांत, चोंचींत गुंतते. हिंवाळ्यांत नवेगांवबांधावर लांबून येणारीं बदकें उतरतात. आणि महाराष्ट्रांत सारस पक्षी आतां जवळजवळ गोंदिया-भंडारा या भागांतच उरला आहे. शिशाचे वजनाचे तुकडेहि असेच घातक. राजहंस ते गिळून मरतात असें दिसून आल्यावर इंग्लंडांत १९८७ सालीं लहान शिसें विकण्यास बंदी झाली. आपल्याकडे कायद्याची वाट पाहावयास नको; दुकानांत लोखंडी वजन मागावें, आणि दोरी तुटली तर पाण्यांत उतरून ती काढावी.

आतां बाईंनीं मागितलेला कौल. आजींचें म्हणणें आम्ही अर्धें मान्य करितों. गळ टाकणें ही हौस आमच्या मतें निंद्य नाहीं. पहांटे तीन-चार तास न बोलतां पाण्याकडे पाहत बसण्याची संवय ज्या तरुणाला लागते त्याचें वाईट होईल असें वाटत नाहीं. परंतु मृगापासून दसऱ्यापर्यंत मालगुजारी तळ्यांवर आणि बोड्यांवर हौसेचा गळ पडूंच नये. एरव्हीं जावयाचें तर आधीं सोसायटीच्या अध्यक्षांस भेटावें, परवानगी घ्यावी, ते मागतील तो आकार द्यावा, आणि होईल तर त्यांच्याच माणसाला मजुरी देऊन बरोबर न्यावें. पुण्याच्या दुकानांत जें शिकावयास मिळणार नाहीं तें तो एका सकाळींत शिकवील. उन्हाळ्यांत लागलेला रोहू-कटला सोडूं नये, सोसायटीला द्यावा. तो तिचाच आहे, आणि तो खाण्यास माणसें आहेत. आजींच्या प्रश्नाचें उत्तरहि त्यांत येतें : आपण खात नसलों तरी खाणारा कोणीतरी पाहिजे. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दींत मात्र कांठी नेऊंच नये. तेथें वनखात्याचा कायदा आहे, आणि तो योग्य आहे.

अंदमानास खुशाल जावें. होडीवाल्याला आधीं दोन प्रश्न विचारावे : गळाला कांटा असतो कीं घांसून टाकलेला असतो, आणि मासा होडींत घेतां कीं पाण्यांतच सोडतां. उत्तरावरून होडी कळते.

आणि पुढल्या गणपतींत चिरंजीव घरीं येतील तेव्हां कांठी पुण्यासच ठेवून यावें, पण बोडीवर जाणें सोडूं नये. ऊन चढण्यापूर्वीं, गवताच्या कडेला, वारा पडलेला असतांना पाहावें. बारीक पाऊस पडल्यासारखी पाण्यावर एकाच जागीं चुळबुळ दिसते, पण वर ढग नसतो. ती पिलें हवा घेण्यास वर आलेलीं असतात. आजींनाहि बरोबर न्यावें. पाळीवरून नीट दिसतें. त्या तांबूस गोळ्याच्या खालीं हातभर खोल एक काळसर सावली हळूहळू फिरत असते, आणि गोळा सरकला कीं तीहि सरकते.